दर एप्रिलला उठणारा खोकला : नागपुरातलं एक प्रकरण

रुग्ण ५४ वर्षांची महिला, राहणार मानेवाड्याकडे. घरीच ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं काम. विडी नाही, तंबाखू नाही, खर्रा नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू. मे २०२४ मध्ये आमच्याकडे आल्या तेव्हा तक्रारी दोनच : कोरडा खोकला आणि दम. ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. ओपीडीत आम्ही त्यांना काकू म्हणायचो, तेच इथेही चालेल.

काकूंच्या पिशवीत तीन वर्षांचे कागद होते आणि त्यांत तीन वेगवेगळी निदानं होती. त्यांतलं एकही बेजबाबदारपणे केलेलं नव्हतं. उलट प्रत्येक निदान त्या-त्या वेळी खरं ठरल्यासारखं वाटलं, कारण औषध दिलं आणि काकू बऱ्या झाल्या. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं.

तीन उन्हाळे, तीन आजार

२०२१ चा एप्रिल. दुसरी लाट ऐन भरात होती, नागपुरात खाटा मिळत नव्हत्या. काकूंना खोकला, अंगदुखी, संध्याकाळी कणकण. आरटीपीसीआर निगेटिव्ह आली, पण त्या दिवसांत निगेटिव्ह अहवालावर कोण विसंबणार? कोविड धरूनच औषधं दिली गेली. जूनअखेर खोकला थांबला.

२०२२ मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा तेच. या वेळी दम जास्त. दम्याचा पंप मिळाला, सोबत पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. तिसऱ्याच दिवशी छाती मोकळी झाली, म्हणजे दमाच असणार, असं सगळ्यांनी धरलं. मेच्या मध्यात त्या लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. तिथे पंप पिशवीतून बाहेर निघाला नाही. जुलैत परत आल्या तेव्हा घरच्यांचं म्हणणं, पुण्याची हवा मानवली.

२०२३ चा उन्हाळा वाईट गेला. मार्चअखेर खोकला सुरू झाला, जूनपर्यंत वजन ५८ किलोवरून ५२ वर आलं. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत धूसर ठिपके. थुंकीत जंतू सापडले नाहीत. तरी खोकला, ताप, वजनात घट आणि एक्स-रेवर डाग असं चित्र असलं की आपल्याकडे मनात पहिला टीबी येतो, आणि तो यायलाच हवा. जूनच्या अखेरीस टीबीची औषधं सुरू झाली. ऑगस्टपर्यंत ताप गेला, भूक लागली, दोन किलो वजन भरून आलं. डिसेंबरमध्ये कोर्स पूर्ण झाला.

त्या सहा महिन्यांत काकूंचं ताट, पेला, अंथरूण सगळं वेगळं होतं. पुण्याहून आलेल्या नातवाला त्यांनी लांबूनच पाहिलं. हे त्या सांगत होत्या तेव्हा आवाज बसला होता, आणि तो खोकल्याने नव्हे.

२०२४ मध्ये मार्च संपता संपता पुन्हा दम. 'टीबी उलटला' असं धरून पुढची औषधं सुरू व्हायची होती, तेवढ्यात मुलाने आमच्याकडे आणलं.

आधी कागदावर महिने मांडले

छातीला स्टेथोस्कोपची नळी लावायच्या आधी एक कोरा कागद घेतला आणि चारही वर्षांचे महिने एकाखाली एक लिहिले. खोकला कधी सुरू, कधी बंद. चारही वर्षी सुरुवात मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. दोन वर्षी शेवट पावसाच्या सुमारास, आणि एकदा, पुण्याला गेल्यावर, त्याआधीच. चौथ्याचा शेवट अजून यायचा होता. टीबीच्या औषधांचा गुण म्हणून जो धरला होता, तोही जुलै-ऑगस्टमधलाच.

टीबीचा जंतू पंचांग पाहून येत नाही. दमा ऋतूप्रमाणे बळावतो, ते खरं. पण थंडीत, धुळीत, फुलोऱ्याच्या दिवसांत, पहाटे उठवणारा, छातीत सूं-सूं वाजवणारा, असा त्याचा स्वभाव. काकूंना रात्री कधी उठावं लागलं नव्हतं, आणि शिट्टीसारखा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"बसल्या जागी काही होत नाही जी," त्या म्हणाल्या. "माळ्यावर कपडे वाळत टाकाले गेली का दम भरते."

मग विचारपूस सुरू झाली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. माहेरी चूल होती का? होती, उमरेडकडच्या गावात, लग्नापर्यंत. यजमान कुठे कामाला होते? आपल्याकडे वेकोलिच्या कोळशाच्या खाणी आहेत, गिट्टीच्या खाणी आणि क्रशर आहेत, पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे तांदळाच्या गिरण्या आहेत. कामावरची धूळ कपड्यांवरून घरात येते. यजमान दुकानात हिशेब लिहायचे. घरात पोपट, कोंबड्या? नाही. गॅलरीत कबुतरं? नाही. पक्ष्यांची विष्ठा आणि पिसं यांनी फुप्फुस बिघडू शकतं, म्हणून हा प्रश्न आम्ही कोणालाच चुकवत नाही; पुढे २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशीही हीच काळजी होती. भिंतीला ओल? थोडी, पावसाळ्यात. पण पावसाळ्यात तर त्या बऱ्या असायच्या.

"काकू, शिलाई मशीन कुठे ठेवली आहे?"

"कूलरपाशीच जी. नाही तं उन्हाळ्यात बसनं होते का?"

सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. मागच्या खिडकीत कूलर, त्याच्यासमोर हातभर अंतरावर मशीन, आणि वाऱ्याचा झोत सरळ तोंडावर.

मुलाने काढलेले फोटो

मुलाला सांगितलं, घरी जाऊन कूलरची बाजूची जाळी काढा, तोंडाला मास्क लावून, आणि आत काय दिसतं त्याचा फोटो पाठवा. संध्याकाळी चार फोटो आले.

कूलरच्या बाजूंना पाणी धरून ठेवणाऱ्या ताट्या असतात. नव्या ताटीतलं वुडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, फिक्या लाकडी रंगाचं असतं. या ताट्यांचा खालचा अर्धा भाग काळपट हिरवा आणि बुळबुळीत झाला होता. कडांना बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार धरला होता. वरच्या कोपऱ्यात, जिथे नळीचं पाणी नीट पोहोचत नव्हतं, तिथे वुडवूल कोरडं पडून त्यावर राखाडी भुकटी बसली होती. मुलाने बोटाने टिचकी मारून दाखवली, तर त्या फोटोत भुकटीचा धूर उडालेला दिसत होता. टाकीच्या तळाशी बोटभर गाळ. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ताट्या बदलणारा माणूस आला नाही, आणि मग ते राहूनच गेलं. आजार सुरू झाला २०२१ मध्ये.

नागपूरकराला कूलर काय आहे ते सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तो चैनीचा नसतो, जगण्याचा असतो. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढ्या साध्या तत्त्वावर तो चालतो. पण ओलं लाकूड, ऊब आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की बुरशी आणि उष्णतेत वाढणारे ॲक्टिनोमायसीट जातीचे जिवाणू जोमाने वाढतात. त्यांचे बीजाणू पाच मायक्रॉनहून लहान असतात. नाक-घशात न अडकता ते थेट फुप्फुसाच्या टोकाशी, वायुकोशांपर्यंत पोहोचतात. पंखा ते दिवसभर फेकत राहतो. कुजक्या गवताच्या गंजीजवळ काम करणाऱ्या शेतकऱ्यांत हाच आजार इंग्लंडमध्ये १९३२ साली नोंदला गेला. आपल्याकडे गंजीची जागा कूलरने घेतली.

या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. हा संसर्ग नव्हे. बीजाणू फुप्फुसात वाढत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर चवताळून उठते, लिम्फोसाइट पेशी वायुकोशांच्या भिंतींत गोळा होतात, भिंती सुजतात, आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं की तिथे व्रण धरतो. व्रण धरलेली भिंत प्राणवायू नीट आत घेऊ देत नाही. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, टीबीच्या औषधांचा नाही, दम्याच्या पंपाचा फारसा नाही. स्टेरॉइडने सूज मात्र उतरते. २०२२ मध्ये काकूंना आराम पडला तो म्हणूनच, आणि त्या आरामाने दम्याचं निदान पक्कं केलं.

एकाच घरात सहा माणसं त्याच कूलरची हवा घेतात आणि आजारी एकच पडते, हा प्रश्न मुलाने लगेच विचारला. प्रत्येकाची प्रतिकारशक्ती तशी उठत नाही, हे एक. दुसरं, बाकीचे पाच जण सहा-सहा तास त्या झोतासमोर बसत नव्हते.

भारतात हा आजार विरळा नाही. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांची, म्हणजे इंटरस्टिशियल लंग डिसीजची, नोंदवही ठेवली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस होता, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी कूलर होता. नागपुरात बसून हे आकडे वाचताना मला अस्वस्थ व्हायला होतं. डेंग्यूच्या अळ्या शोधायला मनपाची माणसं कूलरच्या टाकीत डोकावतात, ते योग्यच आहे. ताटीकडे मात्र कोणी पाहत नाही.

तपासणीत काय मिळालं

बोटांची टोकं किंचित फुगलेली, नखं गोलाकार. पाठीवर खालच्या बाजूला नळी ठेवली तर श्वास घेताना वेल्क्रोची पट्टी हळूहळू सोडवल्यासारखा आवाज. दम्यात श्वास सोडताना शिट्टी वाजते. इथे श्वास आत घेताना चरचर होती. हा फरक ऐकायला एक मिनिट लागतं. पायावर सूज नाही, आडवं पडल्यावर गुदमरणं नाही, इको ठीक, म्हणजे दम हृदयाचा नव्हता.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर बसल्या जागी ९५. अनेक जण इथेच थांबतात आणि 'ऑक्सिजन छान आहे' म्हणून घरी जातात. काकूंना सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालवलं : २९० मीटर, आणि आकडा ८६ वर आला. जाळीच्या आजाराचा दम चालल्यावरच उघडा पडतो.

मग फुंकर मारण्याची चाचणी, स्पायरोमेट्री. पूर्ण श्वास घेऊन सोडलेली एकूण हवा १.४२ लिटर, अपेक्षेच्या ५८ टक्के. पहिल्या सेकंदात त्यांतली १.२५ लिटर बाहेर. म्हणजे गुणोत्तर ८८ टक्के. हा आकडा मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवतो. दमा आणि सीओपीडी (धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यांत श्वासनळ्या आकुंचन पावलेल्या असतात, हवा सावकाश निघते, गुणोत्तर घसरतं. सीओपीडी म्हणायचं तर पंप दिल्यानंतरही ते ७० टक्क्यांच्या खाली हवं. चुलीच्या धुराने सीओपीडी होतो आणि विडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही होतो, म्हणून काकूंच्या बाबतीत ती शंका रास्त होती. पण त्यांच्या नळ्या मोकळ्या होत्या, फुप्फुसच आक्रसलं होतं. पंप देऊन चाचणी पुन्हा केली, आकडा हलला नाही. दम्यात तो बहुधा हलतो. वायू रक्तात किती उतरतो हे मोजणारी डीएलसीओ ४६ टक्के निघाली.

एचआरसीटी स्कॅन श्वास आत घेऊन आणि सोडून, असा दोनदा काढायला सांगितला. केंद्राला तसं लिहून द्यावं लागतं, नाहीतर एकदाच काढतात. श्वास सोडलेल्या चित्रात तीन छटा शेजारी-शेजारी होत्या : सुजलेला धूसर भाग, बरा भाग, आणि हवा अडकून काळा राहिलेला भाग. या आजाराची ही ओळखीची खूण. मधूनमधून व्रणाचे धागे, त्यांनी ओढून रुंद केलेल्या श्वासनळ्या.

टीबीचा प्रश्न मात्र नुसत्या तर्कावर सोडायचा नव्हता. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारी, चाचणी व्हायलाच हवी, मग बाकी काही वाटो. काकूंना कोरडा खोकला, थुंकी निघेना. दुर्बिणीने फुप्फुस धुऊन पाणी काढलं. त्यात टीबीचा जंतू नाही, कल्चरही पुढे निर्जंतुक आलं. लिम्फोसाइट ४२ टक्के. ३० टक्क्यांच्या वरचा आकडा या निदानाला बळ देतो. संधिवाताच्या कुळातल्या आजारांच्या रक्तचाचण्या निगेटिव्ह. रेडिओलॉजिस्टसोबत बसून सगळं एकत्र पाहिलं आणि निदान लिहिलं : कूलरच्या संपर्कातून झालेला, व्रण धरलेला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. बायोप्सीची गरज वाटली नाही.

उपचार

पहिला उपचार रिपोर्ट यायच्या आधीच, फोटो आले त्या संध्याकाळी सुरू झाला होता. कूलर बंद, आणि काढताना काकू त्या खोलीत नकोत. मशीन दुसऱ्या खोलीत. पडदे, गादीचे खोळ धुऊन उन्हात. हे जमलं नाही तर पुढच्या गोळ्या वाया, असं मी त्यांना दोनदा सांगितलं.

गोळ्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या, २५ मिलिग्रॅमपासून, दर काही आठवड्यांनी कमी करत. साखर, रक्तदाब, हाडं यांवर लक्ष. दोन महिन्यांनी स्टेरॉइड आणखी उतरवता यावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट जोडलं. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस. रोज चालणं, थकवा येईल तिथे थांबून पुन्हा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मात्र एका वाक्यावर : हा आजार कोणाला लागत नाही. काकूंनी ते तीनदा विचारून घेतलं. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं ना?"

ऑक्टोबर २०२४ मध्ये श्वासाची क्षमता १.७१ लिटर, म्हणजे ७० टक्के. डीएलसीओ ५५. सहा मिनिटांत ३६० मीटर, ऑक्सिजन ९१ च्या खाली गेला नाही. वजन ५६. स्कॅनमधली धूसर सूज बरीच निवळली. धागे तसेच राहिले आणि ते राहणारच. २०२१ किंवा २०२२ मध्ये कूलर हलला असता तर ते धागे कदाचित धरलेच नसते. दरवर्षीच्या पावसाळ्यात आलेला तो आराम खरा होता, पण दरवेळी फुप्फुस आदल्या वर्षीपेक्षा थोडं कमी उरत होतं.

२०२५ चा उन्हाळा

घरच्यांनी काकूंच्या खोलीत एक टनाचा जुना एसी बसवला, हप्त्यांवर. विजेच्या बिलाची चिंता होतीच. समोरच्या खोलीतला दुसरा कूलर मात्र ठेवला, नव्या ताट्या आणि घासलेली टाकी यांसह. एका खोलीत सहा माणसं कशी मावणार, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा खोकला परतला. चालल्यावर ऑक्सिजन ८९. निरोगी माणसाने दर हंगामात ताट्या बदलाव्या, चार-पाच दिवसांनी टाकी रिकामी करून घासावी, रात्री कूलर बंद करताना आधी पाण्याचा पंप बंद करून पंखा अर्धा तास चालू ठेवावा, म्हणजे ताट्या कोरड्या होतात; एवढं केलं तर धोका पुष्कळ कमी होतो. पण ज्याचं शरीर एकदा बीजाणूंवर उठलं, त्याला थोडेही पुरतात. अशा घरात कूलर नकोच. तो दुसरा कूलरही निघाला. घरातली बाकी माणसं रात्री गच्चीवर झोपायला लागली. मेअखेर खोकला थांबला.

जूनमध्ये क्षमता १.६६ लिटर. म्हणजे घसरण आहे, पण थोडी. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमवर, मायकोफेनोलेट चालू. दर तीन-चार महिन्यांनी स्पायरोमेट्री ठरली आहे. आकडा असाच उतरत राहिला तर व्रणाची गती मंदावणारं निंटेडानिब सुरू करावं लागेल. वाढत्या व्रणाच्या अशा आजारांत त्याने घसरण हळू होते, हे २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. झालेला व्रण तो पुसत नाही, आणि जुलाबांचा त्रास बऱ्याच जणांना होतो. ते काकूंशी आणि मुलाशी आधीच बोलून ठेवलं आहे.

काकू ब्लाउजची कामं पुन्हा घेतात. माळ्यावर जाताना मधल्या पायरीवर एकदा थांबतात. शेजारच्या घराचा कूलर त्यांच्या खिडकीसमोर, तीनेक फुटांवर आहे, हे जूनच्या भेटीत निघालं. मुलगा त्यांच्याशी बोलला; त्यांनी तो पलीकडच्या भिंतीला लावायचं कबूल केलं आहे. पुढच्या होळीआधी ते झालं का, याची नोंद काकूंच्या फाइलवर लाल शाईने केली आहे.